टोपण हातात ठेवणारे गृहस्थ

नवी पेठेतल्या आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारे ते गृहस्थ कुणालाही पेन देतात, पण टोपण स्वतःच्या हातात ठेवतात आणि पेन परत येईपर्यंत जागचे हलत नाहीत.

परवा सकाळपासून त्यांचंच पेन घेऊन मी खोडाखोड करत होतो. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या माझ्या फंक्शनच्या आत स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, बनत होती आणि तिचे शब्द एकेक करून देणारा इटरेटर मी बाहेर पाठवत होतो. कोड तपासणारा कंपायलर ऐकेना. चिडून जागोजागी क्लोन, म्हणजे नकला, टाकले, तरी तीच एरर.

त्यांनी ती मोठ्यानं वाचली. “फंक्शन संपलं की स्ट्रिंग गेली की! मालकच उठून गेल्यावर शब्द कुटनं मिळणार? स्ट्रिंग बाहेर बनवा, फंक्शनला नुसती उसनी द्या.”

दिली. क्लोन सगळे उडवले. एकही एरर नाही! मी आनंदानं टेबल बडवलं.

त्यांनी टोपण पुढं केलं. “आता माजं पेन द्या. सकाळपासून चहाला उठलो न्हाय.”