पावावरचं चौथं घर

डिसेंबर लागला की थेमेलिना बेकरीच्या काचेवर आतल्या बाजूनं पांढऱ्या रंगात इंग्रजीत लिहायची : 'Xmas Bread', नाताळचा पाव. आतून लिहायचं म्हणजे अक्षरं उलटी काढायची, आणि ती तिला छळत. पहिली X ची फुली मात्र कुठूनही पाहा, सारखीच. ती काढताना ब्रश आपसूक चाले, आणि थेमेलिना फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जमधून अलगद निसटून ग्रीसमधल्या तिच्या कालिम्नोस बेटावर पोचे. देवळातला धुरकट अंधार. ख्रिस्ताच्या सोनेरी चेहऱ्याशेजारी हीच फुली. आजीनं उचलून घेतलेलं, बोट लावू दिलेलं. बोटाखाली गार लाकूड, आणि बाहेर समुद्रातले स्पंज काढायला निघालेल्या होड्या, पाण्यावर नाही तर उजेडावरच तरंगतायत जणू.

"आई, ती फुली पुसा ना."

दारात सून उभी, लोरेटा.

"का गं? वाकडी आली?"

"नाताळला माझी आई येतेय. आमच्या चर्चमध्ये म्हणतात, ही देवाच्या नावावरच मारलेली फुली आहे. तिनं पाहिली तर ती तुमच्या टेबलाला बसायची नाही. आणि ती नाही बसली तर..."

"तर तूही नाही बसणार."

थेमेलिनाच्या नवऱ्याला, साकेलारिसला, समुद्रानं ठेवून घेतल्यापासून त्या टेबलाला मायलेक दोघंच, चमच्यांचा आवाज ऐकत जेवायचे. ही पोर आली आणि घरात हसू आलं.

"अगं, आमच्या लिपीत त्याच्या नावाचं पहिलं अक्षरच हे. 'खी' म्हणतात. माझा काका पाद्री होता, तो सांगायचा : पोथ्या कातड्यावर लिहायच्या, कातडं महाग, नाव पवित्र. मग एकदोन अक्षरं काढायची, वर रेघ ओढायची, की पोचलं देवाला. तुम्हा इंग्रजीवाल्यांच्या मठांतही हजार वर्षांमागे 'ख्रिस्त'साठी हीच फुली काढत."

"मला पटतं हो. आईला कोण सांगणार?"

"सांगून कधी कुणी जेवायला बसलंय?"

थेमेलिनानं ओलं फडकं उचललं. काचेपर्यंत नेलं. मग तेच फडकं पिठावर झाकलं आणि म्हणाली, "आईला आल्या आल्या इकडंच घेऊन ये. पाव मळायच्या दिवशी."

लोरेटाची आई, प्रुइटबाई, आल्या त्या काचेसमोरच थबकल्या. आत शिरल्या त्या ओठ मिटून.

"विहीणबाई, देवाचं नाव पुरतं लिहायला काच अपुरी पडली का?"

"काच पुरेशी आहे, हात अपुरे पडतायत. धुवून या बरं तुमचे."

बाई इतक्या गोंधळल्या की खरंच हात धुवून आल्या.

खिडकीतून येणाऱ्या उन्हात पीठ तरंगत होतं. दालचिनी, बडीशेप, संत्र्याची साल. थेमेलिनानं गोल पावावर कणकेचे दोन दोर फुलीसारखे एकमेकांवर ठेवले, टोकं चिरून वळवली, मधोमध अक्रोड दाबला. पावाची चार घरं झाली. घरातलं माणूस ज्यावर जगतं ते तिथं कणकेचं करून ठेवायचं, ही बेटाची रीत. एका घरात होडी, दुसऱ्यात भट्टीचं फावडं, तिसऱ्यात लोरेटाचं शिवणयंत्र, बदकासारखं दिसणारं. चौथं रिकामं.

"हे तुमचं. तुमच्याकडं पोट कशावर चालतं?"

"संत्र्यांची बाग आहे आमची."

"मग करा संत्रं."

प्रुइटबाईंनी कणीक वळली. पुन्हा वळली. "हा नुसता गोळाच दिसतोय."

"संत्रं काय चौकोनी असतं होय?"

बाई हसणार होत्या, पण त्यांनी हसू गिळलं. देठाच्या जागी लवंग खोचली आणि संत्रं चौथ्या घरात ठेवलं. दोराला धक्का लागू नये म्हणून त्यांचं बोट त्याच्या कडेनं हळूहळू फिरलं, अक्रोडापर्यंत जाऊन थांबलं. भट्टीची धग दोघींच्या चेहऱ्यांवर होती.

"मी माझ्या घरी पूर्ण नावच लिहिणार," शेवटी प्रुइटबाई म्हणाल्या.

"लिहा की. ठळक लिहा."

"आणि ही तुमची काच मला नाहीच पटली."

"बरं."

बाईंनी अंगावर उडालेलं पीठ झटकलं. "नाताळला जेवायला कधी बसता तुम्ही?"

"देवळातून आलो की."

"मग पाद्रींना म्हणावं, आटोपतं घ्या. मला भूक धरवत नाही."

पिठाच्या पोत्यांमागं लोरेटा उभी होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, तरी हसू फुटलंच.