नत्थूकाकांचा ब्रेक

चार माणसं रोज एकाच रस्त्यानं सायकल हाणत गेली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. पंच्याहत्तर सालाच्या आसपास आम्ही चौघं नागपुरातून हिंगण्याच्या एका कारखान्यात जायचो. फिटर मनोहर, ड्रॉइंग ऑफिसातला देशपांडे, लेथवरचे नत्थूकाका आणि मी. आज ते किस्से आठवायला बसलो, तर निम्म्याहून जास्त ब्रेकचेच निघतात!

अंबाझरीच्या पुढं एक लांब चढ लागायचा. आमच्यात नियम होता, चढावर जो 'थकलो' म्हणेल त्यानं सगळ्यांना तर्रीपोहे खाऊ घालायचे. सायकल बिघडली तर मात्र माफी! त्यामुळे आमच्या सायकली सपाटीवर ठणठणीत असायच्या आणि बरोबर चढावर आजारी पडायच्या. सगळ्यात जास्त घासायचा तो ब्रेक. रबर रिमला चिकटून राहतं, म्हणून चाक जड जातं, असं आमचं कायमचं निदान होतं.

* * *

एका मे महिन्यात देशपांडेनं शोध लावला की उन्हानं ब्रेकचं रबर फुगतं. "यात सायन्स आहे," म्हणाला. डोक्याचा दुपट्टा ओला करून त्यानं मागच्या ब्रेकला गुंडाळला. चार पायडल मारले नाहीत तोच दुपट्ट्याचं टोक चाकात गेलं आणि चाक जाम!

मनोहर म्हणाला, "ब्रेकले कूलर लावते काय बे!"

शेवटी दुपट्टा कापून काढला. देशपांडे बिचारा उघड्या डोक्यानं कारखान्यात आला.

* * *

मनोहरचं औषध एकच, ढिला कर. घासला की ढिला, पुन्हा घासला की आणखी ढिला. असं करत करत हिवाळ्यात एक दिवस परतीच्या उतारावर तो थेट संत्र्यांच्या हातगाडीत घुसला. संत्री रस्ताभर!

गाडीवाली बाई कंबरेवर हात ठेवून उभी. "काहून रे, ब्रेक नाही काय तुह्या सायकलले?"

"हाय ना मावशी! कालच दुरुस्त केला!"

* * *

नत्थूकाकांचं दुखणं मात्र वेगळं होतं. नोकरीची दोन वर्षं राहिलेली, मुलगी कॉलेजात, आणि अलीकडे त्यांना दम लागायचा. आमच्याकडे धापा टाकणारा माणूस साहेबाला दिसला की त्याची मेडिकल व्हायची, आणि मेडिकलमध्ये नापास झाला की तो घरी बसायचा. काका या भीतीबद्दल चकार शब्द काढत नसत. गेटच्या अलीकडेच उतरायचे, घाम पुसायचे, श्वास खाली बसू द्यायचे आणि मग ताठ मानेनं आत जायचे. मला ते बघवत नसे.

चढावर ते रोज उतरायला लागले. "ब्रेक घासून राहिला गा."

एकदा मनोहरनं त्यांची सायकल उलटी करून सीटवर उभी केली आणि चाक फिरवलं. ते थांबायलाच तयार नाही! रबर आणि रिमच्या मधून बोट जाईल एवढी जागा.

"काका, कुठी घासून राहिला?"

काका म्हणाले, "रिकामं आहे तवरक फिरते गा. माणूस बसला का घासते."

आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले, पण हसतानाही त्यांना धाप लागली.

* * *

त्याच आठवड्यात बाजारात मला आणि मनोहरला काकू भेटल्या.

"मनोहरभाऊ, तो ब्रेक एकदाचा चांगला करून द्या ना. आता तर घरचा जिना चढतानीही म्हणतेत, ब्रेक घासून राहिला!"

एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला.

* * *

मग मनोहरनं ठरवलं, काकांना एकदा कबूल करायला लावायचं आणि कारखान्याबाहेरच्या डॉक्टरकडे न्यायचं. सकाळी चढाच्या पायथ्याशी काका पाणपोईवर पाणी पीत होते. तेवढ्यात त्यानं पान्यानं त्यांच्या दोन्ही ब्रेकची रबरं काढून खिशात टाकली. चढावर ब्रेकचं काम नसतं, वर गेल्यावर तो ती पुन्हा बसवणार होता.

"आता कायचा बहाणा सांगतेत, पाहू."

अर्ध्या चढावर काका उतरले. दोन्ही हात हँडलवर टेकवले. चेहरा पांढराफटक पडला होता. धाप आवरेना.

मग म्हणाले, "ब्रेक घासून राहिला गा."

मी आणि देशपांडेनं मनोहरकडे पाहिलं. त्याचा हात खिशातल्या रबरांवर होता. त्यानं काकांच्या हातून सायकल घेतली, चाकाशी उकिडवा बसला आणि रबर नसलेल्या ब्रेकला पाना लावला.

"हो काका, लय घासून राहिला. तुमी त्या कडुनिंबाखाली बसा. टाइम लागन याले."

आम्हीही सायकली स्टँडला लावल्या. थोड्या वेळानं लांबून कारखान्याचा भोंगा ऐकू आला. आता चौघांचाही अर्धा दिवस कापला जाणार होता.

"मनोहर, भोंगा झाला गा," काका म्हणाले.

"होऊ द्या ना काका! ब्रेकचं काम हाय, घाईनं नाही होत!"