आयकरात न बसणारी सासू

फेब्रुवारी महिना शिक्षकांना कधीच आवडत नाही. वर्षभराचा उरलासुरला आयकर त्या एकाच पगारातून कापला जातो. हिंगोलीच्या आमच्या शाळेत त्या महिन्यात स्टाफरूममध्ये सगळे आपापल्या पावत्या शोधत बसायचे आणि मधोमध मी बसायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात लाल पेन. देशाचा अर्थमंत्री आजारी पडला तर निरोप मलाच येईल, असा माझा चेहरा असायचा.

या ज्ञानाची सुरुवात मात्र काही थोर नव्हती. नव्वदच्या दशकात मी आम्हा नवराबायकोचा आणि दोन लेकरांचा आरोग्यविमा काढला, तेव्हा एजंट घरी आला होता. आमच्याकडे पैसे द्यायचे म्हणजे माणसाला बसवायचं, चहा पाजायचा आणि नोटा त्याच्या हातावर ठेवायच्या. चेक देणं म्हणजे समोरच्याला परकं केल्यासारखं. मी रोख दिली, वर ऐटीत म्हटलं, "मोजून घ्या, बराबर हायेत का." पावती शाळेत दिली तर मोठे बाबू म्हणाले, "मॅडम, रोख भरलेल्या हप्त्यावर सूट न्हाई मिळत. चेकनं भरावं लागतं."

विमा खरा, पावती खरी, सूट मात्र नाही. घरी येऊन मी नवऱ्याला समजावून सांगितलं की कायदाच चुकला आहे. पुढच्या वर्षी गुपचूप चेक दिला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या शिक्षकांवर डोळे वटारायला लागले, "अहो, शिकलेली माणसं तुमी, रोख काहून भरता?"

दोन हजार साल उलटून गेल्यावर घरात दोन म्हाताऱ्यांचा विषय निघाला. एक माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आमच्याजवळच राहायच्या. दुसरी माझी माय. ती कनेरगाव नाका या गावी माझ्या भावाकडे असायची. भावाची शेती पोटापुरती. उद्या माय पडली-झडली तर मोठ्या दवाखान्याचा खर्च त्याला झेपला नसता, म्हणून मला दोघींचाही विमा काढायचा होता.

आत्याबाई लगेच तयार झाल्या. माय न्हाईच म्हणाली.

लेकीच्या पैशाला हात लावायचा नाही, हे तिचं व्रत होतं. आमच्याकडे दोन दिवस राहायला आली तर चार दिवस पुरेल इतकी तूरडाळ आणि वर हळदीची पिशवी घेऊन यायची. मी एसटीत तिचं तिकीट काढायला गेले तर कंडक्टरलाच दम द्यायची, "तिचे पैसे घेशील तर उतरून चालत जाईन." विम्याचं नाव काढल्यावर म्हणाली, "लेकीच्या पैशावर मी दवाखाना करू व्हय? तुझ्या सासरचे काय म्हणतील?"

"कोणी काही म्हणत न्हाई, माय."

"तोंडावर न्हाई म्हणत."

झालं, विषय संपला. मला घोर लागला तो वेगळाच. मतदार कार्डावर तिचं जे वय लिहिलेलं होतं, त्याप्रमाणे आणखी दोन वर्षांनंतर कंपनी तिला नवीन पॉलिसी देणार नव्हती.

मग मी एकट्या आत्याबाईंचा विमा काढला. माझ्या खात्यावरून, चेकनं, अगदी नियमाप्रमाणे. फेब्रुवारीत ती पावती आमच्या पावतीला टाचली आणि जुलैत रिटर्नमध्येही सूट घेतली. शंका अशी आलीच नाही. लग्न झाल्या दिवसापासून ऐकत आले होते की सासर तेच खरं घर. सरकार तरी वेगळं काय म्हणणार?

सरकार वेगळं म्हणत होतं. दुसऱ्या वर्षी नियम बदलला आणि आईवडिलांच्या विम्यासाठी वेगळी सूट आली. ते लेकरावर अवलंबून असोत की नसोत. फेब्रुवारीत मी स्टाफरूममध्ये तो नियम मोठ्यानं वाचून दाखवत होते. स्वतः, नवरा किंवा बायको, मुलं, आणि स्वतःचे आईवडील. वाचून झाल्यावर पुन्हा लाल पेन उचललं.

शेजारी विज्ञानाच्या बाई बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, यात सासू कुठंय?"

मी म्हटलं, "असंल की."

पान उलटून पाहिलं, परत पाहिलं. सासू नव्हती. सासराही नव्हता. लाल पेनाचं टोपण लावलं आणि पाणी प्यायला बाहेर गेले. मला आठवतं, रांजणाजवळ उभी राहून मी दोन पेले पाणी प्यायले आणि तिसरा उगाचच भरला. अर्थमंत्र्यांचा निरोप आता काही येत नव्हता.

मागच्या वर्षीचा रिटर्न दुरुस्त करून पुन्हा भरावा लागला. चुकीची सूट काढून टाकली, फरकाचा कर व्याजासकट भरला. ते काम अर्ध्या दिवसात झालं. अवघड होतं आत्याबाईंना सांगणं.

त्या ओट्यावर मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सरकारच्या हिशोबी मी तुझी कोणीच न्हाई?"

"तसं न्हाई, आत्याबाई. तुमचा हप्ता आता तुमच्या पोरानं त्याच्या चेकनं भरायचा. त्याला सूट मिळते."

"त्याला चेक फाडता येतो का?" नवरा आतून ओरडला, "येतो, येतो!" आत्याबाईंनी एक मिरची बाजूला टाकली. "आणि तुझ्या मायचा कोणी भरायचा?"

"मी भरला तर मलाही सूट मिळते. पण ती घ्यायला न्हाई म्हणून राहिली. सासरचे काय म्हणतील म्हणते."

आत्याबाईंनी देठं झटकली. "सासरचे म्हणजे मीच ना? चल मग. काय म्हणतात ते सांगून येते तिला."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी एसटीनं कनेरगाव नाक्याला गेलो. तिकिटं आत्याबाईंनी काढली. माझी काय हिंमत होती? मायनं चहा टाकला, विचारपूस झाली. मग आत्याबाईंनी बशी खाली ठेवली.

"विहीणबाई, सरकारनं मला काढून टाकलं."

"आगं बाई! काहून?"

"तुमच्या लेकीनं माझा विमा भरला, तर सरकार म्हणे, ही बाई तुमची कोणी लागत न्हाई. उलटा दंड भरावा लागला." दंड नव्हता, व्याज होतं, पण मी बशी तोंडाला लावली. "तुमचा भरला असता तर तिचा टॅक्स वाचला असता. तुमी न्हाई म्हणता, म्हणून आमच्या घरचा पैसा दर साली सरकारात चाललाय. मी म्हणत न्हाई काही. आपलं सांगितलं."

मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. लेकीचं घेणं हा तिला कमीपणा वाटत होता. पण आपल्यापायी लेकीच्या सासरचं नुकसान होतंय, हे ऐकून घेणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

"मी घेतल्यानं तुमचं वाचतं म्हणता?"

"मग सांगून काय राहिले?"

मायनं माझ्याकडं पाहिलं. "कुठं अंगठा देऊ सांग."

दीड-दोन वर्षं मी तिला समजावत होते, माया, काळजी, कर्तव्य असले मोठेमोठे शब्द वापरत होते. आत्याबाईंनी चहा संपायच्या आत काम केलं. परतताना मी त्यांना म्हटलं, "तुमी फार बोललात." त्या म्हणाल्या, "तू फार वाचतेस."

मग माय साऱ्या नाक्यावर सांगत सुटली, "माझ्या जिवावर लेकीचा टॅक्स वाचतो." किराणा दुकानदारालाही सांगितलं. भाऊ म्हणाला, आता ती आजारी असली तरी ताठ चालते.

पुढे एका सकाळी ती अंगणात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. भावानं जीप आणली, मी हिंगोलीहून पोचले, तरी बाई खाटेवरून हलायला तयार नव्हती.

"दवाखान्यात न्हाई यायचं मला."

"माय, हाड मोडलंय!"

"मोडू दे. मी दवाखान्यात गेले तर विम्याचे पैसे लागतील, मग तुझी सूट जाईल. पुन्हा विहीणबाईंच्या घरचं नुकसान."

दुखण्यानं तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला हसू येत होतं न् रडूही.

"सूट हप्त्यावर असते, माय. दवाखाना केला तरी ती जात न्हाई."

"खरं सांगतीस? का वाचायचं राहिलं काही?"

"खरं. या वेळी दोनदा वाचलंय."

"मग उचला," ती म्हणाली.

नांदेडला ऑपरेशन झालं. बिल विम्यातून गेलं, भावाच्या रानाला हात लागला नाही. काठी घेऊन का होईना, ती पुन्हा नाक्यावर हिंडायला लागली. आणि दर फेब्रुवारीत तिचा फोन यायचा. खुशाली विचारायच्या आधी म्हणायची, "चेक फाडला का? नोटा देऊ नको कोणाच्या हातावर. विहीणबाईंनी सांगितलंय मला सगळं."