मुनाफचा चहाडखोर कॅमेरा
महाडचा वायरिंग कंत्राटदार मुनाफ कुवेतहून उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन आला आणि त्याला शिंगंच फुटली. पूर्वी पॅनलजवळ पालथा हात नेऊन तापलेली जोडणी ओळखणारा हा माणूस आता पडद्यावर लाल डाग दाखवून कारखानेवाल्यांना घाम फोडायचा. "झोपलोच नाय" म्हणणाऱ्या वॉचमनला त्याने रिकाम्या बाकावरचा ऊबदार ठसा दाखवून गप्प केलं. हा पराक्रम त्याने बायकोला, खैरुनबीला, रंगवून सांगितला आणि कॅमेरा चालवायलाही शिकवलं.

डॉक्टरांनी त्याचं गोड बंद केलं होतं. एका दुपारी स्वयंपाकघरात खुडबुड ऐकून खैरुनबी कॅमेरा घेऊनच आत आली.

"मी कपाटाला हातपण नाय लावला गो," मुनाफ म्हणाला.

पडद्यावर मिठाईच्या कपाटाचं दार होतं आणि त्यावर लालभडक पंजा.

"वॉचमनपण असंच म्हणाला होता ना?" खैरुनबीने विचारलं.