देवाला विचारून सांगतो

बारावीचा निकाल लागला की आमच्या सेलूच्या मंडळीत असे किस्से आपोआप जमतात. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. जेमतेम पंधरा-वीस घरं. एरवी देवाला कोणी फार त्रास देत नाही. पण पोरगं पास झालं की घरदार गुडघ्यावर! "प्रभू, याला कुठल्या लाइनला टाकू?"

यंदा पाळी माझ्या घरची होती. नात रूथ बारावी झाली. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, हयात नाही. म्हणून निर्णय माझा. मी म्हणालो, नर्सिंग. आमच्यात मुलगी बारावी झाली की नर्सिंग. तिची आजीही नर्सच होती.

रूथ म्हणाली, "आबा, मला परभणीला जनावरांच्या डॉक्टरीचा डिप्लोमा करायचाय."

अ‍ॅडमिशनची मुदत दहा दिवसांनी, सोमवारी संपत होती. मी म्हणालो, "देवाला विचारून सांगतो."

ती हसली. मला ते आवडलं नाही.

रविवारी उपासनेनंतरच्या चहाला विषय निघाला आणि जो तो आपापलं सांगू लागला.

*

माझं सोपं होतं. चौथीतून शाळा सुटली. वडिलांनी हाताला धरून कापसाच्या जिनिंगच्या फाटकात नेलं आणि मुकादमाला म्हणाले, "हे घ्या." एवढंच. तिथंच मी फिटर झालो, तिथूनच रिटायर झालो. माझ्या हाताखालून गेलेलं मशीन पुन्हा कुरकुरलं नाही.

हे मी जरा ताठ बसून सांगितलं. रूथ चहा वाटत होती. म्हणाली, "म्हंजे आबा, तुमच्या वेळी देवाची इच्छा मुकादमाला ठाऊक होती?"

सगळे हसले. मी बशीत बघत चहा प्यायलो.

*

शिमोनचा किस्सा तर सगळ्या गावाला माहीत आहे. त्याला पुण्यात कंपनीत बोलावणं आलं होतं. जावं की नाही? शास्त्रात गिदोनाने अंगणात मेंढीची लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली होती: लोकर दंवाने भिजू दे, भोवतालची जमीन कोरडी राहू दे. शिमोननेही लोकर आणली आणि रात्री अंगणात ठेवली. सकाळी कोरडी. दुसऱ्या सकाळीही कोरडी.

"देव न्हाई म्हणायलाय," तो रडकुंडीला येऊन आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणाला.

पाळकसाहेब म्हणाले, "अरे बाबा, मे महिना हाय! इथं दंव कुठून आणावं त्यानं?"

तिसऱ्या सकाळी मात्र लोकर ओली! घरभर हालेलुया. आईने बॅग भरली. मग आजीने लोकर उचलून नाकाशी नेली आणि गल्लीतल्या कुत्र्याला शिव्या द्यायला सुरुवात केली.

तोवर शिमोन स्टेशनवर पोचला होता. आज तो पुण्यात सुपरवायझर आहे. सुट्टीत आला की चर्चमध्ये उभा राहून देवाने खूण दिल्याची साक्ष देतो. पण कुत्र्याचं नाव घेत नाही.

*

योसेफची तऱ्हा वेगळी. डोळे मिटून त्याने शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. प्रेषित पौल तंबू करण्याचं काम करायचा, ते वचन निघालं. त्याच्या आईला वाटलं, पौलासारखा प्रचारक होणार पोरगा! ती आनंदाने रडली.

योसेफने मंडप डेकोरेशन टाकलं.

आता सगळ्या तालुक्यातल्या लग्नांना त्याचेच मंडप. आई अजून त्याला म्हणते, "मेल्या, बोट एक ओळ खाली ठेवायचं होतंस! तिथं पौल उपदेश करतोय!"

*

पाळकसाहेबांना मीच विचारलं, "तुम्हाला पाचारण कसं झालं?"

ते म्हणाले, "आबा, खरं सांगू का? तलाठ्याच्या परीक्षेत देवानं मला दोनदा नापास केलं. मग मी ओळखलं."

"आणि तिसऱ्यांदा बसून पास झाला असता तर?"

"तर आज तुमचा सातबारा काढून दिला असता. आता पापं काढतो!"

*

मार्थाबाई आमच्या महिला मंडळाच्या. त्यांना देवाची इच्छा सगळ्यांच्या आधी कळते. त्या दिवशी कप खाली ठेवून म्हणाल्या, "मला प्रभूनं स्पष्ट सांगितलंय. रूथ नर्स होणार."

पाळकसाहेब म्हणाले, "मग रूथला का न्हाई सांगितलं?"

"ती मोबाईलवर असती! लाइन लागायला नको?"

मी नर्सिंगच्याच बाजूचा. तरी मला मार्थाबाईंची साथ लय जड वाटली.

*

शेवटी मुदतीच्या दोन दिवस आधी, शनिवारी रूथसाठी उपास-प्रार्थना ठेवली. सगळे उपाशी येऊन बसले. रूथला पुढच्या सतरंजीवर बसवलं.

पहिलंच गीत झालं आणि दारात सखूबाई येऊन उभी राहिली. ती चर्चच्या मागे राहते, चार शेळ्या पाळते; त्यांचं दुखलं-खुपलं रूथच बघते. आमच्यातली नाही. पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "रूथ, चल की गं बाई. शेळी अडलीया. लय वरडायलीय."

रूथने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिची जागा रिकामी होती.

"जिच्यासाठी उपास, तीच न्हाई!" मार्थाबाई म्हणाल्या. पण प्रार्थना थांबली नाही. एकामागून एक सगळ्यांनी देवाला विनवलं, की या मुलीला तुझी इच्छा दाखव. मार्थाबाईंनी तर कुठल्या गावच्या दवाखान्यात नोकरी द्यायची, तेही देवाला सांगून टाकलं. मागून शेळीचं ओरडणं येत होतं. मग ते थांबलं. तेव्हा आमचीही प्रार्थना जरा अडखळली.

थोड्या वेळाने रूथ आली. ओढणी कमरेला बांधलेली, हात कोपरापर्यंत भरलेले. दारातच उभी राहिली. तशा हातांनी आत यावं की नाही, तिला कळेना.

पाळकसाहेब म्हणाले, "रूथ, आमी सगळे सकाळपासून तुझ्यासाठी देवाची इच्छा शोधायलोत. तुला काही उत्तर मिळालं का बेटा?"

ती ओशाळली. "विचारायचं राहूनच गेलं, पाळकसाहेब. पिल्लू उलटं होतं."

पाळकसाहेबांनी शेवटच्या प्रार्थनेसाठी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं.

मी त्याआधीच आमेन म्हणालो, कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि तिच्या हातांवर पाणी घालायला बाहेर गेलो.