बारा टिक खाली

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेली नाही. बायकोनेसुद्धा नाही. तिला वाटतं, माझं आणि मनोहरशेठचं बोलणं उगाच कमी झालं. उगाच? छे.

मनोहरशेठचं आर्वीत कापडाचं दुकान. मी शाळेत गणित शिकवतो. रिमोटवरची विमानं उडवायचा नाद माझा — त्यांना तो मीच लावला.

चार महिने थर्माकोल कापत बसून मी एक विमान बनवलं होतं. शेठजींनी एकदा उडवायला मागितलं आणि बाभळीत घातलं. चूक कुणाच्याही हातून होते. पण ते हसले. "मास्तर, तुमचं इमान तं पतंगापेक्षा हलकं निंगालं जी!" मग हाच किस्सा दुकानात, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत — माझ्यादेखत, वर्षभर. दर वेळी मीही हसलो. अशा हसण्याचं माणसानं करायचं काय, सांगा? मी ते साठवत गेलो.

पुढे त्यांनी नागपूरहून तयार विमान आणलं. रिमोटच्या दांड्यांशेजारी छोट्या कळा असतात, त्यांना ट्रिम म्हणतात. विमान आपोआप खाली झुकत असेल तर कळ टिक-टिक वर दाबायची. शेपटीची पट्टी जरा उचलते, विमान सरळ चालतं. किती टिक झाल्या ते पडद्यावर बारीक आकड्यात दिसतं. शेठजींना जवळचं दिसत नसे, आणि चारचौघांत चष्मा लावायची लाज. म्हणून आमची रीत ठरलेली — ट्रिम मी लावायचा, शेपटी मी पाहायची. मी "बरोबर" म्हटलं की त्यांनी मोटर वाढवायची आणि मी विमान हातानं सोडायचं.

सव्वीस जानेवारी होती. झेंडावंदनानंतर मैदानावर शेठजी विमान उडवणार होते. त्यांच्या लेकीच्या सासरची माणसं मुद्दाम आलेली. भोंग्यावर गाणी चालू — त्यात कळेचा आवाज कुणाला ऐकू जाणार? मी ती खाली दाबली. बारा वेळा. हात जरासुद्धा कापला नाही.

पट्टी खाली वाकलेली मला स्वच्छ दिसत होती. मी म्हणालो, "बरोबर." आणि मोकळ्या बाजूला विमान सोडलं.

दहा पावलांवर ते नाकावर आपटलं. पंखाचे दोन तुकडे. सोयऱ्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याची मी वर्षभर वाट पाहिली होती.

एवढंच असतं तर... पण मी अजून मुद्द्याभोवतीच फिरतोय. तुकडे गोळा करताना शेठजींनी हळूच विचारलं, "मास्तर, माह्या हातानंच बिघडलं ना? चार-आठ दिस झाले, बोटं थरथरून राह्यले."

"नाही" म्हणायला कितीसा वेळ लागतो?

मी म्हणालो, "हो. हातच."

का म्हणालो? विमान पडण्यापेक्षा त्यात गोडी जास्त होती म्हणून.

शेठजींनी रिमोट मला देऊन टाकला. "तुमचे हात चांगले, तुमीच उडवजा." नंतर डॉक्टरनं तपासून काही नाही असं सांगितलं, पण त्यांनी मानलं नाही. मास्तर खोटं कशाला बोलतील? आज तीन वर्षं दुकानात कात्री वहिनी चालवतात. शेठजी गादीवर बसून असतात, हात मांडीखाली घेऊन.

रिमोट माझ्या कपाटात आहे. कधीतरी चालू करून पाहतो. आकडा तोच — खाली बारा. मी तो सरळ केलेला नाही.

परवा शर्टाचं कापड घ्यायला गेलो होतो. वहिनींची कात्री तिरकी गेली. शेठजींचा हात सवयीनं पुढे आला, मध्येच थांबला आणि परत मांडीखाली गेला. माझ्याकडे पाहून ते ओशाळं हसले.

ते पाहून मला आधी बरं वाटलं. वाईट वाटलं ते नंतर — घरी पोचल्यावर.