आत्यांची व्हॅन आणि पन्नासची पाटी

मुळशी तालुक्यात घाई नावाची गोष्ट पहिल्यांदा आणली ती आमच्या आत्यांनी. हिंजवडीतल्या कंपन्या, त्यांच्या काचेच्या इमारती आणि सकाळी धुरळा उडवत जाणाऱ्या त्यांच्या जीपगाड्या हे सगळं नंतरचं. आत्या माझ्या नात्याच्या कुणी नव्हेत. परभणीहून हिंजवडीत नोकरीला आलो तेव्हा भरे गावात मी खोली घेतली, तिथल्या त्या घरमालकीण. त्या गावचीच लेक, लग्नानंतरही गावातच राहिलेली, म्हणून सगळं भरे त्यांना आत्या म्हणे आणि आम्ही भाडेकरूंनीही तेच उचललं. खोली बघायला गेलो तेव्हा मी अजून उंबऱ्याबाहेर बुटाची नाडी सोडत होतो, तोवर त्यांनी सांगून टाकलं, "खोली ही. पाणी सकाळी येतं. मटण शिजवलंस तर वाटीभर हिकडं. कवा येतुयास?" विचार करून सांगतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "उद्या ये. आज रंग वला हाय." दुसऱ्या दिवशी मी राहायला गेलो. विचार करायचा राहिला तो राहिलाच.

समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं आत्यांना जन्मात जमलं नाही. ते त्या स्वतःच पुरं करत, आणि बहुतेक वेळा चुकीचं. एकदा मी म्हणालो, "आत्या, उद्या मी जरा..." तर म्हणाल्या, "गावाला निघालास. जा. आईला इच्यारलंय म्हनून सांग." मला खरं तर बादली हवी होती. पण त्यांनी माझ्या आईसाठी तांदूळ बांधून हातात ठेवला, तेव्हा मला परभणीला जाऊन यावंच लागलं. लग्नात भटजींचं 'सावधान' गळ्यातून बाहेर पडायच्या आत आत्यांच्या अक्षता नवऱ्याच्या डोक्यावर पडलेल्या असत, आणि हार घातले जाईपर्यंत आत्या पहिल्या पंगतीत बसलेल्या. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते नेमके उलटे. मामांनी आयुष्यात बैलापेक्षा वेगवान कशावरही विश्वास ठेवला नाही. पिरंगुटला जायचं तरी ते चालत जात आणि वाटेत तीन ठिकाणी बसत. दोघांचा संसार उत्तम चालला होता, कारण आत्या कुठल्याही ठिकाणी मामांच्या आधी पोचून भांडण संपवून बसलेल्या असत.

एवढी कसली घाई, असं मी एकदा विचारलं. त्या वेळी त्या परातीत भाकरी थापत होत्या, तव्यावरची उलटण्यापुरत्या थांबल्या आणि म्हणाल्या, "निम्मं आयुष्य फाट्यावर यष्टीची वाट बगण्यात गेलं बाबा. आली तर आली. पौडाला दवाखान्यात जायचं तर दिस जायाचा. आता न्हाई थांबायची मी कुनासाठी." त्यामुळे रस्त्याकडेची थोडी जमीन विकली गेली तेव्हा भावकीतल्यांनी बंगले बांधले, सोनं केलं, आणि आत्यांनी एक पांढरी व्हॅन घेतली. ट्रॅक्टर त्यांना तरुणपणापासून येत होता, त्यामुळे व्हॅन शिकायला त्यांना फारसं काही लागलं नाही. त्यांच्या मते दोन्हींत फरक एवढाच, की ट्रॅक्टरच्या मागे नांगर असतो आणि व्हॅनच्या मागे भाडेकरू.

आम्ही सात जण रोज त्या व्हॅनमधून माणमार्गे हिंजवडीला जायचो. आत्या पदर कमरेला खोचून, कपाळावरचं कुंकू आरशात एकदा तपासून बसत. तो आरसा त्यानंतर दिवसभर कुणी पाहत नसे. हॉर्न त्या वाजवत नसत. "हॉर्न वाजवत बसायला येळ कुनाला हाय?" असं त्यांचं म्हणणं. कंपनीच्या जीपगाड्यांना मागे टाकलं की त्या दिवशी संध्याकाळी जेवणात काहीतरी गोड असे. ऑफिसात आमच्यापैकी कुणालाही कधी उशीर झाला नाही. उलट आम्ही इतके लवकर पोचत असू, की फाटकावरचा रखवालदार आम्हाला रात्रपाळीचे समजून 'गुड नाइट' म्हणायचा.

अशात त्या रस्त्यावर एक पाटी लागली. कार साठ, प्रवासी व्हॅन पन्नास. पाटीच्या पुढे वडाखाली पोलिसांची जीप उभी राहू लागली आणि तिच्याजवळ तिपाईवर वेग मोजणारा कॅमेरा लावून एक हवालदार. गावात त्या हवालदाराचं नाव लगेच 'फोटूवाला' पडलं. पहिल्याच आठवड्यात त्याने आमची व्हॅन बाजूला घेतली. तरुण, शांत माणूस होता. त्याने यंत्राच्या छोट्या पडद्यावर आत्यांना त्यांचा फोटो दाखवला. खाली आकडा होता अठ्ठावन्न. आत्यांनी तो नीट निरखला.

"पदर बरा आलाय," त्या म्हणाल्या.

फोटोत त्यांच्या शेजारी मी होतो. माझे डोळे घट्ट मिटलेले होते.

"मावशी, व्हॅनला पन्नास आहे," हवालदार म्हणाला.

"अन् आत्ता ती लाल गाडी गेली ती?"

"ती कार. तिला साठ."

"त्या कारीत किती मानसं हुती?"

"एक."

"हितं किती हायेत?"

त्याने खिडकीतून डोकावून मोजलं. "तुम्ही धरून आठ."

"मंग? एकट्याला साठ अन् आठ जनांना पन्नास. घाई आठ जनांना आसंल का एकल्याला?"

आम्ही मागे बसलेल्या शिकलेल्या लोकांनी मनातल्या मनात हा मुद्दा उचलून धरला. हवालदाराने टोपी जराशी वर सरकवली आणि लिहिता लिहिता म्हणाला, "मावशी, कार आपटली तर एकाला लागतं. ही आपटली तर आठांना."

"मी आपटत न्हाई," आत्या म्हणाल्या, आणि पावती फाडायला त्यांनी साफ नकार दिला. मग पौडच्या कोर्टात या, असं तो म्हणाला. "येते की. जजालाच इच्यारते."

त्यानंतर गावात दुसरा विषय राहिला नाही. देवळाच्या पायरीवर, गिरणीत, दूध घालायला आलेल्यांत आत्यांचा आठ जणांचा मुद्दा गाजू लागला. जजसाहेबांपुढे करायचं भाषण आत्यांनी पाठ केलं होतं आणि ते इतक्यांदा म्हणून दाखवलं होतं, की भरे गावातल्या कुणीही ते कोर्टात केलं असतं. मामा तेवढे म्हणाले, "त्यो प्वॉर खोटं काय बोलला गं?" पण मामांचं वाक्य पुरं होईपर्यंत आत्या अंगणात पोचल्या होत्या. रस्त्यावर त्या वडापुरतं पन्नास पाळत. वड मागे गेला की व्हॅन पुन्हा पहिल्यासारखी.

एका सकाळी माणच्या अलीकडच्या वळणावर पेंढ्याने भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर चढला. आत्यांनी ब्रेक दाबला. व्हॅन घसरत गेली आणि कडेच्या मातीच्या बांधाला जाऊन टेकली. एवढंच झालं. काच फुटली नाही, दारही चेपलं नाही. पण मधल्या सीटवर जळगावची एक मुलगी होती, नुकतीच नोकरीला लागलेली. तिचं कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर आदळलं आणि तिचा पांढरा कुडता बघता बघता लाल झाला. आत्यांनी स्वतःच्या पदराने तिचं कपाळ दाबलं, मला म्हणाल्या, "तू चालव," आणि मागे तिला मांडीवर घेऊन बसल्या. मी आयुष्यात इतक्या हळू गाडी चालवली नव्हती, आणि त्यांनी एकदाही घाई कर म्हटलं नाही.

हिंजवडीच्या दवाखान्यात मुलीला आत टाके घालत होते. तिची पर्स आत्यांच्या हातात होती. पर्समधला मोबाइल वाजायला लागला. वर नाव होतं 'आई'. आम्ही सगळ्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं, आत्ता उचलू नका, मग सांगू काहीतरी. आत्यांनी उचलला.

"मी तिची घरमालकीन बोलतीया. गाडी माजी, मीच चालवत हुते. जोरात हुते. पोरीच्या कपाळाला लागलंय, टाकं घालत्यात. शुद्धीत हाय, बोलती हाय. तुमी या. तुमी येईस्तोवर मी हलत न्हाई हितनं."

मग पलीकडून तिची आई बोलू लागली. काय बोलत होती ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण बराच वेळ बोलत होती. आत्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदरावर रक्त वाळत होतं, आणि त्या फक्त ऐकत होत्या. त्यांनी त्या बाईचं एकही वाक्य तोडलं नाही. शेवटी "व्हय" म्हणाल्या, आणि जरा थांबून पुन्हा "व्हय".

मुलीची आई दुसऱ्या दिवशी आली. आली त्या दिवशी ती आत्यांच्या घरचं पाणीही प्यायली नाही. तिसऱ्या दिवशी दोघी मिळून मिरच्या निवडत होत्या. जखम भरली, भुवईच्या वर एक बारीक रेघ राहिली.

कोर्टाच्या तारखेला आत्यांनी मला सोबत नेलं. पुकारा झाला, जजसाहेबांनी चष्म्यातून पाहिलं आणि विचारलं, "काही म्हणायचं आहे?" मी वाट पाहत होतो. ते भाषण मलाही पाठ होतं.

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "जोरात हुते."

दंड भरून आम्ही परत निघालो. येताना काटा पन्नासच्या खाली होता, आणि मला त्या रस्त्यावर एक शाळा, दोन विहिरी आणि बऱ्यापैकी मोठं तळं आहे, हे पहिल्यांदाच कळलं.

तेव्हापासून पन्नास म्हणजे पन्नास. वड असो नसो, जीप असो नसो. लवकर पोचायचं तर लवकर निघायचं, असा नवा कायदा झाला, आणि कोंबडा आरवायच्या आत आत्या आमची दारं वाजवू लागल्या. जीपगाड्या आम्हाला मागे टाकून जायच्या आणि त्यांचे ड्रायव्हर वळून हसायचे. आत्या समोर बघत राहायच्या. हळूहळू व्हॅनमधली माणसं कमी झाली. कुणी मोटारसायकल घेतली, कुणाला कंपनीची बस मिळाली, जळगावची मुलगी लग्न होऊन बंगलोरला गेली. जाताना ती आत्यांच्या गळ्यात पडून रडली आणि आत्यांनी तिला विचारलं, तुझा नवरा गाडी कितीनं चालवतो.

माझंही लग्न झालं. हिंजवडीजवळ फ्लॅट घेतला, कर्ज काढून छोटी कार घेतली. ती दाखवायला एका सकाळी भरे गावी गेलो, तर आत्या नुकत्याच निघाल्या होत्या, असं मामा म्हणाले. मी मागे गेलो आणि माणच्या रस्त्यावर ती पांढरी व्हॅन दिसली. आत तीन-चार नवी डोकी होती. रस्ता पुढे मोकळा होता. मला सहज पुढे जाता आलं असतं, पण मी तिच्या मागे मागे जात राहिलो. बरं वाटत होतं. थोड्या वेळाने व्हॅनच्या खिडकीतून बांगड्यांचा हात बाहेर आला आणि व्हॅन कडेला थांबली. मीही थांबलो, उतरून खिडकीपाशी गेलो. आत्यांचे केस चांगलेच पिकले होते.

"मगापासनं बगतीया आरशात. बिगडली का काय गाडी तुजी?"

"नाही आत्या. तुमच्या मागनं यायला..."

मी अडखळलो. त्या थांबल्या. माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहिल्या.

"...बरं वाटतं," मी म्हणालो.

"येडाच हायेस," त्या म्हणाल्या आणि गिअर टाकला. "जा म्होरं. तुला साठ हाय."

मी निघालो. साठपर्यंत काही गेलो नाही. आरशात ती व्हॅन बराच वेळ दिसत होती, आपल्या चालीने येणारी. मग वळण आलं.